नाव तेच, पत्ता नवा : जॉन पोस्टेल

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन झाले आणि हेमलकसा नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेले. एकही घर जागचे हलले नाही. पर्लकोटा होती तेथूनच वाहत राहिली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात येणारे माडिया रुग्ण त्याच जंगलवाटांनी येत राहिले. बदलला तो पाकिटावरचा पत्ता. गावाचे नाव तेच राहिले आणि आजारी माणसाला घेऊन निघालेले लोक दवाखाना शोधत आले ते नावानेच.

योगायोग असा की त्याच ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतील एका दाढीधारी संशोधकाने एका सहकाऱ्याबरोबर एक टिपण प्रसिद्ध केले. संगणकांच्या जाळ्यात यंत्रांना नावे कशी द्यावीत, हा त्याचा विषय होता. त्या संशोधकाचे नाव जॉन पोस्टेल. आज लोकबिरादरी प्रकल्पाच्या संकेतस्थळाचे नाव मोबाइलवर टाइप केले की पडद्यामागे त्या नावाचा एक क्रमांक शोधला जातो आणि मगच पान उघडते. नाव माणसासाठी असते, क्रमांक यंत्रासाठी. या दोहोंची सांगड घालणारी वही जवळजवळ ३० वर्षे पोस्टेल यांनी सांभाळली.

एकच शाळा, विद्यापीठातले जाळे

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडिना येथे झाला. लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे हे तिघेही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, एकत्र आले आणि तिघांचीही नावे इंटरनेटच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. पोस्टेल यांनी तेथे १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट.

ते विद्यार्थी असतानाच, १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, यूसीएलएतील संगणकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश पाठवला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहत असलेले हे जाळे म्हणजे अर्पानेट. त्याचे नियम ठरवायला कोणी वरिष्ठ समिती बसलेली नव्हती. विद्यार्थीच एकमेकांना टिपणे लिहीत आणि त्यावर मते मागवत. क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिलेल्या टिपणाला १ क्रमांक मिळाला. या मालिकेला आरएफसी असे नाव पडले. ती टिपणे तपासणे, त्यांची भाषा नेटकी करणे, त्यांना क्रमांक देणे आणि ती सर्वांना मोफत मिळतील अशी व्यवस्था ठेवणे हे काम पोस्टेल यांच्याकडे आले. ते त्यांनी मरेपर्यंत केले.

दुसरे काम त्यांनी आपणहून मागून घेतले. एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालतात. आलेला संदेश टपालाचा आहे की धारिका पाठवण्याचा, हे ओळखण्यासाठी प्रत्येक सेवेला एक क्रमांक लागतो. दोन गटांनी एकच क्रमांक वापरला, तर गोंधळ ठरलेला. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका छोट्या टिपणात सुचवले की हे क्रमांक एका व्यक्तीने वाटावेत आणि ते काम करायला आपण तयार आहोत. कोणी हरकत घेतली नाही. सुरुवातीला ही नोंद साध्या वहीत बसेल एवढीच होती. आजही ईमेलसाठी २५ आणि वेबसाठी ८० हे क्रमांक जगभर चालतात, ते याच यादीच्या वंशातले.

यादी पुरेना

मार्च १९७७ मध्ये पोस्टेल सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत, आयएसआयमध्ये, रुजू झाले. इंटरनेटच्या मूळ नियमांचे मसुदे त्यांच्या हाताखालून गेले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलचे संपादन त्यांनी केले. त्यात प्रत्येक यंत्राला ३२ बिटांचा पत्ता दिला गेला. त्यातून सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे पत्ते तयार होतात. पुढच्याच वर्षी ईमेल पाठवण्याची पद्धत त्यांनी लिहून काढली. पाठवताना नियम काटेकोर पाळावेत आणि दुसऱ्याकडून येईल ते शक्य तितके समजून घ्यावे, हे त्यांनी त्या काळात मांडलेले तत्त्व आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

क्रमांकाला नाव, नावाला क्रमांक ही कल्पना भारतीय वाचकाला अनोळखी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे पोस्टेल यांच्या त्या टिपणानंतर तीनच महिन्यांनी, भारतात पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले टपाल अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे पत्रे भरकटत. वेलणकरांच्या सहा आकड्यांत डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रदेशाकडून लहान कार्यालयाकडे जाता येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पत्रावर सुरुवातीचे ४४ दिसले की वर्गीकरण करणाऱ्याला ते विदर्भाकडे टाकता येते. गाव कुठे आहे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

अर्पानेटवर अशी पायरीपायरीची रचना नावांना नव्हती. सगळी नावे आणि त्यांचे क्रमांक एकाच धारिकेत लिहिलेले असत. ती धारिका स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे असे. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे, तिथल्यांनी यादी सुधारायची आणि बाकीच्या सगळ्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. ऑगस्ट १९८१ मध्ये जाळ्यावर २१३ संगणक होते, ऑक्टोबर १९८४ मध्ये १,०२४. प्रत्येक बदलासाठी प्रत्येकाने पूर्ण यादी पुन्हा आणायची, ही पद्धत फार काळ चालणार नव्हती. शिवाय दोघांना एकच नाव हवे असेल, तर ते कोणाला द्यायचे, याचा निर्णय एकाच ठिकाणी अडकून पडे.

ऑगस्ट १९८२ च्या टिपणात पोस्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने पायऱ्यांची कल्पना पुढे नेली. त्यासंबंधी अनेकांच्या निरनिराळ्या सूचना आल्या होत्या. त्यांतून मार्ग काढण्याचे काम पोस्टेल यांनी आयएसआयमधील पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याला दिले. मोकापेट्रिस यांनी तडजोड शोधण्याऐवजी नवी रचनाच आखली. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचे नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. या रचनेत पूर्ण यादी कोणाकडेच नसते. सर्वांत वरच्या मूळ सर्व्हरना एवढेच माहीत असते की डॉट इन किंवा डॉट ऑर्गची चौकशी कोणाकडे करायची. ते सर्व्हर पुढच्या पायरीचा पत्ता देतात. अनोळखी मुलखात एका गावात पुढच्या गावाची वाट विचारत जावे, तसा हा प्रवास असतो. मिळालेल्या उत्तरावर ते किती वेळ खरे मानायचे तेही लिहिलेले असते, त्यामुळे दर वेळी मुळापर्यंत जावे लागत नाही.

सी भाषेतली एक ओळ

याच सुमारास बर्कले विद्यापीठात युनिक्सची नवी आवृत्ती तयार होत होती. १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या त्या आवृत्तीत सी भाषेतून जाळ्यावर बोलण्याची सोय होती. तिच्यातले एक फंक्शन होते गेटहोस्टबायनेम. त्याला नाव द्यायचे आणि त्याने पत्ता आणून द्यायचा. उलट दिशेचे, पत्त्यावरून नाव सांगणारे, गेटहोस्टबायअ‍ॅडर. सुरुवातीला हे फंक्शन संगणकावर ठेवलेली नावांची धारिका वाचत असे. पुढे डीएनएस आल्यावर तेच फंक्शन बाहेरच्या सर्व्हरला विचारू लागले. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिले होते, त्यांना आपली ओळ बदलावी लागली नाही. आतली यंत्रणा पूर्ण बदलली आणि बाहेरचा प्रश्न तोच राहिला.

या फंक्शनच्या काही खोडी मात्र प्रोग्रॅमरना महागात पडल्या. ते उत्तर लिहायला एकच पाटी वापरते. दुसरे नाव विचारले की पहिले उत्तर पुसले जाते. म्हणून उत्तर लगेच स्वतःकडे उतरवून घ्यावे लागते. एका नावाचे अनेक पत्ते असू शकतात, पण पुष्कळ प्रोग्रॅम पहिलाच घेऊन थांबत आणि तो बंद असेल, तर प्रयत्न सोडून देत. आणि काही प्रोग्रॅम सुरू होताना एकदा पत्ता विचारत आणि मग महिनोन् महिने तोच धरून बसत. समजा, एखाद्या दवाखान्यातून रुग्णांचे अहवाल दुसऱ्या शहरातील सर्व्हरकडे पाठवले जातात आणि एके दिवशी तो सर्व्हर नव्या जागी हलवला. नावाने विचारणारा प्रोग्रॅम थोड्याच वेळात नव्या जागी पोहोचेल. जुना आकडा धरून बसलेला प्रोग्रॅम मात्र अहवाल पाठवतच राहील आणि ते कुठेच पोहोचणार नाहीत.

आणखी एक भेद डॉक्टरांना चटकन समजेल. नाव शोधताना अपयश आले, तर त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. असे नावच अस्तित्वात नाही, हा एक. आत्ता विचारता आले नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारा, हा दुसरा. सी भाषेतली ही फंक्शन दोन्हींसाठी वेगवेगळे संकेत देतात. तपासणीत दोष आढळला नाही आणि तपासणीच झाली नाही, यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. दुसऱ्या संकेताला पहिला समजणारा प्रोग्रॅम शहरात कदाचित वर्षभर बिनतक्रार चालेल. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो अशा मुलखात तो पहिल्याच खंडानंतर नाव चुकीचे आहे असे सांगून हात वर करील. तिथे थोडे थांबून पुन्हा विचारणारा प्रोग्रॅमच कामाचा.

१९९० च्या दशकात ३२ बिटांचे पत्ते अपुरे पडणार हे स्पष्ट झाले आणि १२८ बिटांचे नवे पत्ते आले. गेटहोस्टबायनेम मुळात जुन्याच पत्त्यांसाठी घडवलेले होते. १९९७ मध्ये एका आरएफसीत त्याचा वारसदार नोंदवला गेला : गेटअ‍ॅडरइन्फो. हे फंक्शन नावाबरोबर सेवेचेही नाव विचारते आणि जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची साखळी परत देते. त्यातला एक चालला नाही, तर पुढचा वापरायचा. काम झाले की साखळीने व्यापलेली जागा फ्रीअ‍ॅडरइन्फोने मोकळी करायची. उलट दिशेसाठी गेटनेमइन्फो आहे. या एका हाकेत पोस्टेल यांच्या दोन्ही वह्या भेटतात. सेवेच्या नावावरून मिळणारा क्रमांक त्यांच्या १९७२ च्या प्रस्तावातून आलेला, आणि यंत्राच्या नावावरून मिळणारा पत्ता त्यांनी रुजवलेल्या रचनेतून आलेला.

डॉट इन आणि मुंबई

देशांची नावे हा नाजूक विषय होता. कोणता भूभाग देश आहे आणि कोणता नाही, याचा निवाडा एका संगणकतज्ज्ञाने कसा करायचा? पोस्टेल यांनी तो करायचे टाळले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने देशांना दिलेली दोन अक्षरी संक्षिप्त नावे आधीपासून होती. तीच त्यांनी स्वीकारली. त्या यादीत नाव असेल तर मिळेल, नसेल तर नाही. मार्च १९९४ मध्ये त्यांनी या कारभाराचे नियम एका आरएफसीत लिहिले. एखाद्या देशाचे नाव सांभाळणारी संस्था ही त्या नावाची मालक नसून विश्वस्त आहे, तिने सर्वांना सारखे वागवावे आणि त्या समाजाची सेवा करावी, असा त्याचा गाभा.

भारताच्या वाट्याला डॉट इन आले, ते १९८९ मध्ये. ते सांभाळण्याची जबाबदारी मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होती. डॉ. श्रीनिवासन रमाणी यांच्या नेतृत्वाखालील ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वाढली. शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेटचा बाहेरच्या जगाशी दुवाही याच केंद्रातून जुळला. सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावे लागले. तोपर्यंत देशाचे नाव आणि त्याची नोंदवही मुंबईतल्या मूठभर अभियंत्यांनी सांभाळली होती.

वहीचा वारस

पोस्टेल यांचे राहणे साधे होते. लांब दाढी, पायात सँडल. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर सामान घेऊन भटकणे त्यांना आवडे. त्यांच्या कामाला आयएएनए असे भारदस्त नाव होते, पण ते नाव म्हणजे मुख्यतः पोस्टेल आणि त्यांचे दोन-चार सहकारी. त्यांचा अधिकार कोणत्या कायद्याने आलेला नव्हता. हा माणूस पक्षपात करणार नाही, हा हजारो अभियंत्यांचा विश्वास हीच त्यांची सनद.

१९९५ पासून डॉट कॉमच्या नावांसाठी पैसे आकारले जाऊ लागले आणि नावांना बाजारभाव आला. खटले सुरू झाले. सरकारे, कंपन्या आणि अभियंते यांच्यात मूळ यादी कोणाची, हा वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना एक विनंती पाठवली. मुख्य यादी तोवर एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवरून घेतली जात होती. ती यापुढे आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्यावी, अशी ती विनंती. त्यांनी ती मान्य केली. वापरणाऱ्या कोणाला काही जाणवले नाही, कारण दोन्ही याद्या सारख्याच होत्या. पण जगाच्या नावांची वही एका माणसाच्या पत्रावर जागा बदलू शकते, हे वॉशिंग्टनच्या लक्षात आले. सरकारने आक्षेप घेतला. पोस्टेल यांनी ही चाचणी होती असे सांगून काही दिवसांतच सारे पूर्ववत केले.

त्या घटनेकडे बंड म्हणून पाहणारे आहेत आणि इशारा म्हणून पाहणारेही. पोस्टेल स्वतः मात्र त्या वर्षी वहीसाठी वारस घडवण्याच्या कामात होते. एका व्यक्तीच्या विश्वासावर चालणारी व्यवस्था कोट्यवधी लोकांसाठी पुरेशी नाही, हे त्यांनी ओळखले होते. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. आयएएनएचे काम तिच्याकडे जाणार होते आणि पोस्टेल तिचे तांत्रिक प्रमुख होणार, अशी अपेक्षा होती.

त्यांच्या हृदयाची झडप गळकी झाली होती. अशा झडपेतून पुढे ढकललेले रक्त थोडे मागे येते आणि तेच रक्त पुन्हा पुढे पाठवण्यासाठी हृदयाला जास्तीचे श्रम पडतात. झडप बदलण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या गुंतागुंतीतून १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. वय ५५. नवी संस्था नोंदवून तेव्हा जेमतेम १६ दिवस झाले होते. त्या वर्षी जाळ्यावर सुमारे तीन कोटी संगणक होते. त्यांतल्या एकाचेही नाव त्या दिवशी हरवले नाही. वही सांभाळणारा गेला, तरी वही चालू राहिली.

व्हिंट सर्फ यांनी या मित्राला वाहिलेली श्रद्धांजलीही एक आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाली. पोस्टेल यांनी आयुष्यभर जपलेल्या मालिकेत तिला २४६८ क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षापासून इंटरनेट सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारताने देवनागरीत डॉट भारत हे नाव सुरू केले आणि मराठी संकेतस्थळाचे नाव मराठी अक्षरांत लिहिता येऊ लागले. जुन्या रचनेला फक्त रोमन अक्षरे कळतात, म्हणून देवनागरी नावाचे आधी एका ठरलेल्या पद्धतीने रोमन संकेतात रूपांतर होते आणि मग नेहमीचीच चौकशी सुरू होते : मूळ सर्व्हर, मग भारत, मग पुढची पायरी. प्रोग्रॅमरने हे रूपांतर विसरता कामा नये, एवढीच त्याची जबाबदारी वाढली. हेमलकसा असे कोणी आपल्या लिपीत लिहिले, तरी शेवटी यंत्राच्या हाती पडतो तो एक आकडा. तो आकडा उद्या बदलला, तरी लिहिणाऱ्याला ते कळण्याचे कारण नाही.